महादरवाजा की मेणा दरवाजा

रायगडावर जाणाऱ्या मनुष्याला पाचाड ओलांडताच एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो, आणि शिवकालात हा प्रश्न कोणालाच पडला नसल्यामुळे बखरकारांनी त्याविषयी काहीही लिहून ठेवलेले नाही : चित्‌दरवाज्याशी पायउतार होऊन चौदाशेच्या वर पायऱ्या चढाव्यात, की हिरकणीवाडीस तिकीट काढून रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसावे आणि चार-पाच मिनिटांत माथ्यावर अवतीर्ण व्हावे? (पायऱ्यांच्या संख्येविषयी खुद्द गडाच्या परिसरातही एकमत नाही. कोणी चौदाशे सांगतो, कोणी सतराशे. मोजणाराला मध्येच धाप लागते आणि गणती चुकते, हेच या मतभेदाचे मूळ असावे.) १९९६ मध्ये हा रज्जुमार्ग सुरू झाला तेव्हापासून गडावर निघालेल्या प्रत्येक मित्रमंडळात हा वाद उपस्थित होतो आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने मिटतो. आमच्या मंडळात तो इतक्या सुलभतेने मिटला नाही, कारण आमच्यात दोन व्यक्ती अशा होत्या की ज्यांना हार पत्करण्यापेक्षा रात्र जागविणे अधिक सोयीचे वाटते.

त्यांपैकी रावसाहेब हे महसूल खात्यात उभी हयात घालवून तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. मोजणी, हद्द आणि वहिवाट यांचा उल्लेख आल्याशिवाय त्यांचे बोलणे पुरे होत नाही. दुसरे गुरुजी. त्यांनी तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकविला, आणि आजही कोणताही प्रश्न ते फळ्याकडे तोंड करून उभे असल्यासारखे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मुद्रेकडे न पाहता, सोडवितात. तिसरे डॉक्टर होते, पण ते फार थोडे बोलले. मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी पाचाडास जिजाऊसाहेबांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या ओटीवर भाकरीची वाट पाहत बसलो होतो. उद्या किती वाजता उठायचे, एवढाच साधा विषय निघाला. गुरुजी म्हणाले, पाचला, कारण ऊन चढण्यापूर्वी महादरवाजा गाठला पाहिजे. रावसाहेब म्हणाले, सातला, कारण रोपवेचे पाळणे काही पहाटे सुरू होत नाहीत.

“गुरुजी,” रावसाहेब पुढे म्हणाले, “तुमचा हा पायऱ्यांचा आग्रह मला नवा नाही, पण आज त्याची रीतसर चौकशी होऊन जाऊ द्या. आपल्याला गड पाहायचा आहे, आणि गड वर आहे. पायऱ्या हा तेथवर जाण्याचा एक उपाय आणि तारेवरचा पाळणा हा दुसरा. एकाच कामाला दोन उपाय उपलब्ध असता ज्यात श्रम आणि वेळ यांची तोशीस कमी तो पत्करावा, हे तत्त्व आम्ही दफ्तरात आयुष्यभर पाळले आणि रयतेने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पाळण्याने गेलो तर नगारखान्यापासून जगदीश्वरापर्यंत, टकमकापासून भवानी टोकापर्यंत सगळे स्वस्थपणे पाहता येते. तुमच्या मार्गाने गेलो तर निम्मे अवसान चढण्यातच संपते, आणि मग मंडळी राजसभेत पोहोचतात ती सिंहासनाची जागा पाहण्यापेक्षा सावलीची जागा शोधण्यासाठी. याला गडदर्शन म्हणावे की प्रायश्चित्त?”

“गड वर आहे, हे तुमचे पहिलेच विधान मला अमान्य आहे,” गुरुजी म्हणाले. “वर राजवाडा आहे, बाजारपेठ आहे, देऊळ आहे, समाधी आहे, गड मात्र चित्‌दरवाज्यापासून सुरू होतो. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून हा डोंगर महाराजांच्या हाती आला तेव्हा त्याचे नाव रायरी होते. पुढे राजधानीसाठी त्याची निवड झाली त्याची कारणे सभासदाने सांगितली आहेत, त्यांत वरच्या सपाटीच्या सौंदर्याचा उल्लेख नाही. डोंगराची उंची आणि तासल्यासारखे उभे कडे यांनी महाराजांचे मन वेधले, असे तो सांगतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे हा डोंगर गड ठरला ती गोष्ट वर नाही, बाजूला आहे. आणि बाजू पाहायची तर बाजूनेच गेले पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे ते तुम्ही वाचलेच असेल. दरवाजा कोठे असावा, तो बाहेरून एकदम दृष्टीस पडू नये म्हणून पुढे बुरूज कसे घ्यावेत, मार्ग सुगम का असू नये, याचा इतका बारकाईने विचार त्यात केला आहे की किल्ला म्हणजे प्रामुख्याने वाटेचे शास्त्र, असा समज ते वाचणाऱ्याचा व्हावा. आता महादरवाजा घ्या. तुम्ही मदारमोर्चा मागे टाकून वर येत असता. समोर दोन प्रचंड बुरूज दिसतात, पण दरवाजा दिसत नाही. वाट त्या दोन बुरुजांच्या मध्ये तुम्हांला घेते, वळविते, आणि अगदी अंगावर आल्यावर कमान दिसते, तिच्या दोन्ही अंगांस कोरलेली कमळे दिसतात. त्या वळणात उभे राहून वर पाहावे. भोवतालच्या तटातल्या जंग्यांतून आपल्यावर किती बंदुका रोखता आल्या असत्या, याचा हिशेब करावा. हा हिशेब चढणाऱ्यासाठी मांडलेला आहे, रावसाहेब. पाळण्यातून जो वर जातो त्याला हा दरवाजा पाहायचा तर आतून खाली उतरून यावे लागते, आणि मग तो दिसतो पाठीमागून. शत्रूसाठी रचलेली गोष्ट घरच्या माणसाच्या बाजूने पाहून तिचा काय बोध होणार?”

हा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि मी तसे बोलूनही दाखविले असते. पण रावसाहेबांनी हाताने थांबण्याची खूण केली. प्रतिपक्षाची कैफियत पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग तिच्यातलाच एखादा कागद काढून त्याच्यापुढे ठेवायचा, ही त्यांची जुनी पद्धत.

“दरवाज्यांचा विषय तुम्हीच काढलात हे बरे झाले,” ते म्हणाले. “पाळणा वर जेथे थांबतो तेथून आपण गडात कोणत्या दरवाज्याने जातो? मेणा दरवाज्याने. राणीवशाकडचा दरवाजा तो. मेणे तेथून जात-येत म्हणून त्याचे नाव मेणा दरवाजा. राजवाड्याच्या एका अंगाला आणखी एक आहे, त्याला म्हणतात पालखी दरवाजा. गडावर पालखीच्या नावाचा दरवाजा आहे, मेण्याच्या नावाचा आहे. पायी चालणाऱ्याच्या नावाचा एखादा दरवाजा असल्यास मला दाखवावा. तेव्हा वाहून नेले जाणे हा गडाचा अपमान आहे, ही कल्पना तुमच्या-आमच्या काळातली. ज्यांनी गड बांधला त्यांना ती ठाऊक नव्हती. आणि आत्ताच आपण ज्या समाधीवर मस्तक ठेवून आलो तिचाही विचार करा. आऊसाहेबांना उतारवयात गडावरची हवा मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी येथे पायथ्याशी पाचाडास वाडा बांधला, असे आपण सर्वजण सांगत आलो. १६७४ च्या ज्येष्ठात राज्याभिषेकाचा सोहळा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्या गेल्या. त्या अवस्थेतली वृद्ध माता काय चौदाशे पायऱ्या चढून गेली असेल? तिला कोणीतरी खांद्यावरूनच नेले असणार. फरक एवढाच की त्या वेळी चार-आठ भोयांचे खांदे सोलत असत आणि आज पोलादाच्या तारेला काही होत नाही. ही जर अवनती असेल, तर ती मला कबूल आहे.”

येथे ते क्षणभर थांबले, आणि पुढचे वाक्य त्यांनी नेहमीपेक्षा खालच्या स्वरात उच्चारले. “माझ्या आईने ऐंशी उलटल्यावर गडावरच्या महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतले ते या पाळण्यामुळे. तत्पूर्वी सबंध आयुष्य तिने गड पाहिला तो खालून.”

“आपल्या मातोश्रींविषयी मी बोलत नाही,” गुरुजी लगेच म्हणाले. “ज्याला पायांनी जाता येत नाही त्याच्यासाठी रोपवे असावा, एवढेच काय, त्याच्यासाठी तो फुकट असावा. माझी फिर्याद धडधाकट माणसाविरुद्ध आहे. सुट्टीच्या दिवशी हिरकणीवाडीला जाऊन रांगेत कोण उभे असते ते पाहा. पाठीला रिकाम्या पिशव्या लावलेली विशी-पंचविशीची मुले तासचे तास उभी असतात, आणि तेवढ्या वेळात ती दोनदा वर जाऊन आली असती. तुम्ही म्हणालात की कमी वेळाचा उपाय पत्करावा. तो हिशेब तरी खरा ठरतो का?”

“रांगेत उभे राहण्याने पाय दुखत नाहीत,” रावसाहेब म्हणाले. मला हे उत्तर दुबळे वाटले, आणि त्यांनाही वाटले असावे, कारण त्यांनी ताबडतोब दुसरा पुरावा पुढे केला. “आणि प्रतिष्ठेची गोष्ट म्हणाल, तर २०२१ च्या डिसेंबरात तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद गडावर आले ते या रोपवेनेच. प्रजासत्ताकाच्या प्रथम नागरिकाला जो मार्ग शोभला तो तुम्हांला शोभू नये?”

गुरुजींची मुद्रा एकदम उजळली. “राष्ट्रपती पाळण्याने का आले? त्यांना हेलिकॉप्टर थेट माथ्यावर उतरविता आले असते. पण गडावर, महाराजांच्या पुतळ्यासमोर, ते यंत्र धुरळा उडवीत उतरावे हे लोकांना रुचले नसते. पूर्वी त्यावरून नाराजी झालेली होती. म्हणून त्यांनी पायथ्याशी येऊन पाळणा स्वीकारला, आणि सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. तुम्हीही केलेत, मला आठवते. म्हणजे गडावर येण्याचे काही प्रकार औचित्याला सोडून असतात हे तुम्हांला तत्त्वतः मान्य आहे. मग भांडण तत्त्वाचे राहिले नाही. हद्द कोठे आखायची, एवढाच वाद उरला. तुम्ही ती हेलिकॉप्टर आणि पाळणा यांच्या मध्ये आखता, मी पाळणा आणि पायरी यांच्या मध्ये.”

माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. पायी चढणारे आणि बसून जाणारे यांच्यातला वाद हा श्रम विरुद्ध आराम असा आहे, अशी बहुतेकांची समजूत असते, आणि त्यामुळे एकजण दुसऱ्याला आळशी ठरवितो आणि दुसरा पहिल्याला दांभिक. परंतु पूज्य स्थळी येण्याची काहीएक रीत असते ही जाणीव दोघांनाही असते. पादत्राणे बाहेर काढून ठेवण्यावर कोणी वाद घालीत नाही. प्रत्येकजण आपल्या सोयीच्या जरा पलीकडे ती रेषा ओढतो आणि तिच्या पलीकडच्या माणसाला दूषण देतो. खुद्द गुरुजीसुद्धा पाचाडपर्यंत मोटारीनेच आले होते.

रावसाहेबांच्या हे लक्षात आले नसते तरच नवल. “तुमची रेषा चित्‌दरवाज्याशी का?” त्यांनी विचारले. “तेथे मोटाररस्ता संपतो म्हणून? मग ती रेषा तुम्ही आखली नाही, बांधकाम खात्याने आखली. खरा पादचारी महाडाहून निघाला पाहिजे. आणि ज्या पायऱ्यांचा तुम्हांला एवढा अभिमान, त्यांची किती वेळा दुरुस्ती झाली, सिमेंट किती ओतले गेले, याची रुजुवात घेतलीत का? तुम्ही शिवकालीन वाटेने जात नाही. तिच्या नव्या आवृत्तीवरून जाता.”

“पायऱ्या नव्या असतील, महादरवाज्याचे वळण नवे नाही,” गुरुजी म्हणाले. “शिवाय हेही पाहा की वर काय उरले आहे. जोती. वाड्यांची, पेठेची, अष्टप्रधानांच्या घरांची जोती. १८१८ मध्ये गडावर इंग्रजांचे गोळे पडले, आग लागली, आणि लाकूडकाम सगळे जळून गेले. राजवाडा पाहायला गेलेल्या माणसाला त्याच्या भिंती मनाने उभ्या कराव्या लागतात. कडा, वाट, बुरूज आणि महादरवाजा एवढ्याच गोष्टी अशा आहेत की त्या पाहताना कल्पनेला ताण द्यावा लागत नाही. पाळण्याने जाणारा माणूस जे शिल्लक आहे ते टाळतो आणि जे जळाले ते पाहण्यासाठी पैसे मोजतो.”

“अठराशे अठरा!” रावसाहेब जवळजवळ आनंदाने उद्गारले. “त्या साली गड पडला तो तुमच्या महादरवाज्यातून पडला काय? कर्नल प्रॉथरने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढविल्या आणि दरीवरून मारा केला. बाजीरावसाहेबांच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होत्या; आगीने वेढल्यावर गड खाली करून देणे भाग पडले. बुरुजांच्या मधले ते वळण, त्या जंग्या, ती कमळे, सगळी जागच्या जागी होती आणि त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. ज्या दिवशी हवेतून गोळा आला त्या दिवशी वाटेचे शास्त्र संपले. मी हवेतून जातो तो इतिहासाच्या त्या शेवटच्या पानाला धरूनच जातो, असे का म्हणू नये?”

“म्हणा की,” गुरुजी शांतपणे म्हणाले, “पण मग प्रॉथरच्या बाजूने गडावर गेलो, असे म्हणावे लागेल.”

ओटीवर हशा पिकला आणि रावसाहेबही त्यात सामील झाले. पण विनोद बाजूला ठेवला तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते हे नाकारता येत नाही. याउलट राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील म्हणून आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनची साक्ष गुरुजींनी काढली तीही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनाला गेलेले असल्यामुळे त्याला काही दिवस पाचाडासच तिष्ठत राहावे लागले. नंतर तो वर गेला. तहाची कलमे, नजराणे, दरबारातला मानमरातब यांत त्याचे चित्त गुंतलेले होते. तरीसुद्धा गडावर जाण्याचा मार्ग किती बिकट आहे आणि फितुरी झाल्याशिवाय असे स्थळ हाती येणे किती कठीण, याची नोंद करण्यास तो व्यापारी चुकला नाही. दरबाराबाहेर दोन हत्ती पाहून तर तो चकित झाला, कारण ज्या वाटेने आपण आलो त्या वाटेने हे प्राणी वर आले कसे, हे त्याला उमगेना. रज्जुमार्गाने वर गेलेल्या आजच्या प्रवाशाला हत्तीतलाव दाखविला तर तो त्याचे छायाचित्र घेतो आणि पुढे जातो. त्याला हे कोडे पडतच नाही, कारण वाट त्याला ठाऊक नसते. वरच्या प्रत्येक दगडाविषयी, प्रत्येक खांबाविषयी, ‘हे येथे आणले कसे’ असा प्रश्न ज्याच्या पोटऱ्या दुखत आहेत त्यालाच पडतो, आणि जो प्रश्न पडला नाही त्याचे उत्तर वाटाड्याने कितीही रसाळ वाणीने सांगितले तरी कानावरून जाते. चढण्याच्या बाजूने याहून मोठे कारण मला सांगता येणार नाही.

भाकरी आली. जेवताना विषय मैत्रीकडे वळला, आणि येथे मात्र गुरुजींची बाजू मला वाटली तितकी भक्कम निघाली नाही. एकत्र चढण्याने मित्र परस्परांना नव्याने कळतात, असे त्यांचे प्रतिपादन. घरी आणि कचेरीत माणूस जे पद धारण करतो ते तिसऱ्या वळणावर गळून पडते, कोणाजवळचे पाणी कोण पितो याचा हिशेब राहत नाही, आणि दम लागल्यामुळे माणसे थोडे आणि खरे बोलतात. पाळण्यात मात्र जेमतेम चार-सहाजणांची सोय, तेथे मंडळाचे तुकडे पडतात. रावसाहेबांनी याला जे उत्तर दिले ते प्रत्येक पदभ्रमण करणाऱ्याने मनावर घ्यावे असे आहे.

“तुकडे पाळण्यात पाच मिनिटांपुरते पडतात,” ते म्हणाले. “पायऱ्यांवर पडतात ते दिवसभरासाठी. मंडळ पायथ्याशी एक असते, मदारमोर्च्याला दोन होतात, महादरवाज्याशी तीन. तरणेबांड पुढे धावतात, वर जाऊन कठड्यावर बसतात, मागची माणसे धापा टाकीत पोहोचली की ‘चला’ म्हणून उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांती नको होती त्यांना ती मिळाली, आणि ज्यांना हवी होती त्यांना मिळाली नाही. याला तुम्ही सहवास म्हणता?”

“सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे ठेवावा,” गुरुजी म्हणाले, “आणि वाटेचा माहीतगार सर्वांत मागे. हा नियम पाळला की तुकडे पडत नाहीत.”

“आणि सर्वांत हळू चालणारा मी,” रावसाहेब म्हणाले. “म्हणजे तुम्ही सगळे माझ्या मागून माझी पाठ पाहत येणार.”

डॉक्टर तोपर्यंत मुकाट्याने जेवत होते. त्यांनी एवढेच सांगितले की, ज्याला छातीचा विकार आहे किंवा ज्याने वर्षभर जिना चढलेला नाही त्याने मित्रांच्या भिडेखातर एकाएकी असा चढ अंगावर घेऊ नये. पण गुडघ्यांची भीती बहुतेक लोक उलट बाजूने बाळगतात. चढताना दम लागतो म्हणून चढ वाईट आणि उतार सोपा असे वाटते. वस्तुतः उतरताना प्रत्येक पायरीला शरीराचा भार गुडघ्याच्या वाटीवर अधिक येतो, मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच तो भार धरून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पाय जे धरतात ते प्रामुख्याने उतरण्यामुळे. दोन्ही पक्षांनी हे ऐकून घेतले आणि दोन्ही पक्षांना ते आपल्याच बाजूचे वाटले.

मी मात्र एका गोष्टीविषयी रावसाहेबांच्या बाजूने साक्ष दिली पाहिजे, कारण पायी चालणाऱ्यांच्या गौरवात ती नेहमी झाकली जाते. रज्जुमार्गाने गडाच्या बाजूवर तारा आल्या, ही तक्रार रास्त आहे; २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून जे बारा किल्ले नोंदले गेले त्यांत रायगड आहे, आणि गुरुजींनी बजावल्याप्रमाणे त्या नोंदीत केवळ बांधकामांना मान दिलेला नाही, डोंगर आणि दरी यांनाही दिलेला आहे. परंतु त्याच डोंगराच्या पायऱ्यांवर कठड्यापलीकडे वाकून पाहिले तर काय दिसते? पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वेष्टने, पत्रावळ्या. ती काही पाळण्यातून पडलेली नसतात. ज्या आज्ञापत्राचा आधार गुरुजींनी वाटेसाठी घेतला त्याच आज्ञापत्रात गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो जाळून त्याची राखही परसात भाजी करण्यास वापरावी, अशी ताकीद आहे. रावसाहेबांनी ही गोष्ट काढली तेव्हा गुरुजी गप्प राहिले, आणि त्यांनी गप्प राहणेच योग्य होते. गर्दीचा प्रश्नही तसाच. पायऱ्यांवर गर्दी झाली म्हणजे तिला आवर कसा घालावा हे कोणालाच उमगत नाही. २०२४ च्या जुलैत गडावर अचानक मुसळधार पाऊस कोसळला, पायऱ्यांवरून ओढ्यासारखा लोंढा वाहू लागला आणि पर्यटक कठड्यांना धरून जागच्या जागी अडकून पडले. त्यानंतर काही काळ गडावर जाण्यास मनाई करावी लागली. पायी वाट निर्धोक आणि निरुपद्रवी आहे, हा भ्रम तिच्या पुरस्कर्त्यांनी सोडला पाहिजे.

हिरकणीचा उल्लेख मी आतापर्यंत टाळला, कारण ती दंतकथा आहे आणि तिचा उपयोग दोन्ही पक्ष करतात. गुरुजी म्हणतात, जिच्या नावाच्या वाडीतून लोक बसून वर जातात ती स्वतः रात्रीच्या अंधारात कडा उतरली होती. रावसाहेब म्हणतात, त्या बिचारीला त्या रात्री पाळणा मिळाला असता तर तिने क्षणाचाही विलंब केला नसता. दुसरे विधान मला अधिक मानवी वाटते.

दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी कोण कोणत्या मार्गाने गेले, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यावरून वादाचा निर्णय लागत नाही. माझा निर्णय मात्र सांगतो. गड हा खालून वर वाचावयाचा लेख आहे, तेव्हा ज्याची प्रकृती साथ देते त्याने पहिल्या भेटीत तरी तो पायांनी चढावा, आणि महादरवाजा बाहेरच्या बाजूने पाहिल्याखेरीज रायगड पाहिला असे कोणाला सांगू नये. ज्याची प्रकृती साथ देत नाही त्याने मेणा दरवाज्याने निःसंकोच आत जावे. राण्या तेथूनच गेल्या. उतरण्याविषयी मात्र कोणत्याही बखरीचा आग्रह नाही आणि डॉक्टरांचा सल्ला स्पष्ट आहे. चढणारा उतरताना पाळण्यात बसला तर त्याने कशाचाही भंग होत नाही, गुरुजी काहीही म्हणोत.

निघताना थोड्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उन्हाळ्यात उजाडण्यापूर्वी चढू लागावे. महादरवाजा आला म्हणजे चढ संपला, असे समजून तेथेच सगळे पाणी पिऊन टाकू नये. हत्तीतलावापर्यंत अजून बऱ्याच पायऱ्या शिल्लक असतात, आणि त्याच सर्वांत जास्त जाणवतात. रिकामी बाटली आपल्याबरोबर खाली आणावी. पाळण्याने परतायचे असेल तर एकेरी तिकिटाची चौकशी आधी करावी आणि शेवटचा पाळणा किती वाजता सुटतो तेही विचारून ठेवावे. पूर्वी सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद होत. आता तिकिटाची खिडकी बंद होते, आणि ती चुकली तर पायऱ्या आहेतच.